करकोच्याच्या दोरीवरचं नाव

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला गावचे आगीचे बंबवाले आले आणि त्यांनी रामोनाच्या कुंपणापाशी करकोचा उभा केला. लाकडी, लाल चोचीचा, माणसाच्या डोक्यावरून हातभर उंच. चोचीपासून सफरचंदाच्या झाडापर्यंत त्यांनी दोरी ताणली, दोरीवर बाळाची झबली चिमट्यांनी अडकवली आणि झबल्याझबल्यांच्या मध्ये निळ्या रंगाचं एकेक लाकडी अक्षर टांगलं. सहा रोमन अक्षरं, एक नाव. एन्रिको.

बाळ करकोचा घेऊन येतो म्हणतात, म्हणून गावात कुणाकडे मूल झालं की दारात करकोचा उभा राहायचा, वर्षभर. येणारा-जाणारा नाव वाचायचा आणि बाळाला भेटल्यासारखा पुढे जायचा. तीस वर्षं गावातले सगळे करकोचे एकाच माणसाने केले होते. रामोनाच्या नवऱ्याने, एन्रिको सुताराने, ज्याला उभा गाव रिको म्हणे. दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने तो गेला. त्याच्या हातचा नसलेला हा पहिला करकोचा, आणि त्याच्यावर नाव मात्र त्याचंच.

"तो असता तर म्हणाला असता, गाढवा, खिळा तिरका मारलास," हाइको म्हणाला. हाइको म्हणजे बंबवाल्यांचा म्होरक्या, रिकोचा शाळेपासूनचा दोस्त.

"मारलाच आहेस तिरका," रामोना म्हणाली आणि नाक पुसत आत गेली. ओव्हनमध्ये केक होता, दही-अंड्याचा, तीन थरांचा. मँडीला लहानपणापासून तोच लागायचा.

मँडी म्हणजे तिची एकुलती लेक. चौदा वर्षं बव्हेरियात, म्युनिकला होती, तिथलाच नवरा केला, आणि चार आठवड्यांपूर्वी तिला मुलगा झाला. आज ती त्याला पहिल्यांदा गावी आणत होती. रामोना बेकरीत पाव विकायची. या महिन्यात पाव घ्यायला आलेलं एकही माणूस नाव ऐकल्याशिवाय परत गेलं नव्हतं. रिकोला मूठमाती दिली त्या दिवशी, ओल्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून, मँडी स्वतःहून म्हणाली होती, "मुलगा झाला तर एन्रिको, आई. नक्की." रामोनाने ते पुन्हा विचारलं नाही. दिलेला शब्द सारखा चाचपून बघणं तिला हलकटपणाचं वाटे. फोनवर ती एवढंच म्हणायची, "आपला रिको दूध पितो ना गं नीट?" आणि मँडी म्हणायची, "पितो, आई."

साडेअकराला गाडी आली. काळी, लांबलचक. बंबवाल्यांनी बिअरच्या बाटल्या उंच केल्या. शेगडीवर सॉसेज भाजत होते, त्याचा धूर करकोच्याच्या पायांत घुटमळत होता. मँडी मागे बाळापाशी बसली होती. तिने काचेतून दोरी पाहिली आणि ती उतरलीच नाही.

उतरला तो जावई, क्विरिन. उंच, गोरा, शर्टाची बाही नीट दुमडलेली. त्याने अक्षरं वाचली आणि हसून विचारलं, "छानच आहे! पण एन्रिको कोण?"

"कोण म्हणजे?" हाइको म्हणाला. "तुझा पोरगा!"

"आमचा? नाही नाही. आमच्या मुलाचं नाव कोर्बिनिआन आहे."

सॉसेजमधून चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला, तो चरचरलेला सगळ्यांना ऐकू आला.

"कोर्बि... काय?" एक बंबवाला म्हणाला. "हे नाव आहे का खोकल्याचं औषध?"

दोघं-तिघं हसले. हाइकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की हसू घशातच राहिलं. रामोना दारात उभी होती, हातात केकचं ताट. तिने ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, हळू, जसं काही ते ताटच झोपलेलं मूल होतं. मग ती गाडीपाशी गेली आणि तिने मागचं दार उघडलं.

"उतर."

"आई, मी सांगणारच होते..."

"उतर खाली. आत चल. माणसांसमोर नको."

*

स्वयंपाकघरात रामोनाने आधी बाळाला घेतलं. कितीही राग आला तरी ते करायचंच होतं. बाळ झोपेत होतं, तोंडाचा चंबू करून. कपाळावर दोन्ही बाजूंनी केस मागे सरलेले होते, रिकोचे सरायचे तसेच. ती खिडकीशी गेली आणि तिच्या नकळत रिकोच्या ओळी तिच्या ओठांवर आल्या. करकोच्याला शेवटचा खिळा मारताना तो नेहमी गुणगुणायचा.

*वारा सांगे तुझं नाव, झाड सांगे तुझं नाव,*
*आलं कोण, आलं कोण, विचारतो सारा गाव.*

दुसऱ्या ओळीवर ती थांबली. गावाला सांगायचं काय?

"चार आठवडे," ती पाठमोरीच म्हणाली. "चार आठवडे मी फोनवर रिको, रिको करतेय आणि तू 'पितो, आई' म्हणतेस. कोण पीत होतं गं दूध? भूत?"

"मला धीर झाला नाही."

"खोटं बोलायला झाला की."

क्विरिन दाराशी उभा होता. "रामोना, मला या वचनाबद्दल काहीच माहीत नव्हतं. मनापासून सांगतो."

"तुला नव्हतंच माहीत, बाबा. तुला इथलं काय माहीत आहे? तू बस. केक खा."

खिडकीतून केकचं ताट आत ओढून तो बसला.

"याला मधलं नाव तरी लावलंस का बाबांचं?" रामोनाने विचारलं. मँडीने मान हलवली. नाही. "मधलंसुद्धा नाही? कुणी वाचत नाही त्या जागेवरही माझा नवरा तुला नको झाला?"

तेव्हा मँडीही भडकली. पिशवीतून तिने फोन काढला आणि टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. "बघ. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी रोज रात्री हे बघत बसायचे, पोट एवढं मोठं घेऊन."

ते नावांचं पान होतं. नाव लिहिलं की देशाचा नकाशा यायचा, कुठल्या प्रांतात ते नाव किती चालतं आणि लोक त्याला किती मानतात ते रंगांनी दाखवायचा. एन्रिको लिहिल्यावर सगळा पूर्वेचा, आपल्याकडचा भाग हिरवा झाला आणि पश्चिम-दक्षिण लाल. बव्हेरिया तर भाजून काढल्यासारखी. खाली लोकांनी ठोकून दिलेली मतं. पूर्वेकडचा. फार शिकलेला नसावा. गाडीचा सायलेन्सर काढून हिंडणारा. आमच्या वर्गात एक होता, बाकी काही विचारू नका.

रामोनाने चष्मा लावून सगळं वाचलं. वाचता वाचता तिच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"ही माणसं कोण?"

"लोक, आई. साधे लोक."

"यांतलं कुणी तुझ्या बापाला ओळखतं? त्याने केलेल्या खुर्चीवर यांतलं कोण बसलंय? पुराच्या वर्षी गळ्याएवढ्या पाण्यात शिरून म्हाताऱ्या नोइबर्टला खांद्यावरून कुणी आणलं, ते लिहिलंय का यात? का नुसतं नाव ऐकलं आणि माणूस तोलला?"

"तेच तर सांगतेय! नुसतं नावच ऐकतात!"

"थांब." रामोनाने एका बोटाने अक्षरं दाबली. "आता तुझ्या त्या नावाचं बघू." नकाशा आला. बव्हेरिया गडद हिरवी, पाचूसारखी. बाकी देश फिका आणि आपला कोपरा करडा. इथे हे नाव कुणी ठेवत नाही, असं पान सांगत होतं. "हे बघ. आपल्याकडे तुझ्या नावाला कुत्रं विचारत नाही. मग? मी म्हणते का की तुझं पोर औषधाची बाटली आहे?"

क्विरिनला हसू आलं. ते त्याने केकच्या घासाबरोबर गिळलं.

"आणि माझं?" रामोनाने स्वतःचं नाव लिहिलं. मँडी "नको आई" म्हणेपर्यंत पान उघडलंसुद्धा. त्यात काय होतं ते रामोनाने मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचावा तसं. "केस रंगवलेली. मोठमोठी कानातली. सिगरेट. मन चांगलं, डोकं बेताचं." तिचा हात आपोआप कानाकडे गेला. तिथे रिकोने पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेली सोनेरी वळी होती, बांगडीएवढी. आजच्यासाठी मुद्दाम घातलेली.

"पुरे, अमांडा," क्विरिन हळूच म्हणाला. "फोन ठेव. आईंना त्रास होतोय."

रामोनाने मान वळवली. सावकाश.

"कुणाला म्हणालास?"

क्विरिन बायकोकडे बघायला लागला. बायको टेबलाच्या कडेकडे.

"अमांडा कोण?" रामोनाने विचारलं. थोड्या वेळापूर्वी त्याने बाहेर विचारलं होतं, अगदी तसंच.

*

मँडीने सांगितलं ते उभ्यानेच सांगितलं, सिंकला टेकून, हात छातीशी बांधून.

तिथे गेल्यावर पहिल्या वर्षी तिने नोकरीसाठी इतके अर्ज केले होते की पोस्टातली बाई ओळखायला लागली. उत्तरं यायचीच नाहीत. मग बरोबर राहणारी मुलगी म्हणाली, नाव बदलून बघ, गंमत म्हणून. त्याच गुणांचा, त्याच फोटोचा अर्ज तिने अमांडा नावाने पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "त्यांना नंतर कागदावरचं खरं नाव सांगितलं. साहेब हसला. म्हणाला, बरं झालं बाई, आमच्या गिऱ्हाइकांना अमांडाच बरी. तेव्हापासून दारावरच्या पाटीवर अमांडा आहे. याला भेटले तेव्हाही अमांडाच होते."

"आणि याच्या आईला?"

"तिला वाटतं मँडी हे लाडाचं नाव. तुम्ही लोकांनी ठेवलेलं."

"तुम्ही लोकांनी," रामोना म्हणाली.

"मग काय म्हणू? तुम्हीच ठेवलंत ना? ऑफिसच्या पार्टीत कुणाला विनोद सांगायचा झाला की त्यातल्या बावळट पोरीचं नाव मँडी, आणि ती आपल्या बोलीत बोलते. चौदा वर्षं, आई. चौदा वर्षं मी त्या विनोदाला हसतेय, का तर मी अमांडा आहे! आणि तू म्हणतेस या एवढ्याशा जिवाच्या गळ्यात तेच बांध. शाळेच्या पहिल्या दिवशी बाई हजेरी घेतील आणि नाव वाचतानाच ठरवतील की हा कुठल्या बाकावर बसणार. मला नाही करायचं ते. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला, हो, मोडला! जिवंत पोरासाठी मोडला."

रामोनाच्या कुशीत बाळ कुरकुरलं. ती त्याला डोलवत राहिली. डोलवताना बोलणं मऊ व्हायला हवं, ते झालं नाही.

"तुझ्या आजीने बाबांचं नाव एन्रिको का ठेवलं, माहीत आहे? सूतगिरणीत होती ती. यंत्रापाशी एक चित्र चिकटवलेलं होतं, इटलीतल्या समुद्राचं. जाता तर येत नव्हतं. तेव्हा देशाच्या मधोमध भिंत होती, आपण तिच्या पूर्वेचे, कुठे जाणार? ती म्हणाली, मी नाही तर नाही, तिथलं एक नाव तरी माझ्या घरात राहू दे. आणि ते नाव तिने पाळण्यात घातलं. आणि तू झालीस तेव्हा आम्ही दोघं पंचविशीच्या आतले. लोक पोरींना काय काय नावं ठेवायचे, म्हाताऱ्या आत्यांची, मावश्यांची. बाबा म्हणाला, हिला वापरलेलं नाव नको, हिला कोरं देऊ. दूरचं. जिथे आपण पोचत नाही तिथे ही पोचेल असं. रात्रभर मांडीवर घेऊन तो 'मँडी, मँडी' म्हणून बघत होता, तोंडात गूळ घोळवावा तसा." ती थांबली. "आणि तू पोचलीस तिथे. खरंच पोचलीस. पोचल्या पोचल्या नाव पायपुसण्याला पुसलंस आणि आत गेलीस."

"आई!"

"तुझ्या मुलाचं नाव तू ठेवलंस, मला ते आवडलेलं नाही, ते एक. पण तुझं नाव मी ठेवलंय. ज्याने त्याने आपापल्या नावाने हाक मारून घ्यावी. आईने ठेवलेल्या. ते खोडायचा अधिकार त्या साहेबाला नाही, तुझ्या सासूला नाही आणि तुलाही नाही."

"मग याचं नावही याच्या आईनेच ठेवलंय," मँडी म्हणाली. आवाज फाटला होता तिचा. "आल्यापासून एकदा तरी घेतलंस ते? 'बाळ', 'हा', 'तुझं ते नाव'. मी चौदा वर्षांत केलं ते तू एका तासात केलंस."

ते खरं होतं, म्हणून रामोनाचा राग आणखी वाढला. त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजायला लागला.

*

क्विरिनची आई होती, वॉल्ट्राउड. चेहरा फोनभर, मागे पांढरी भिंत आणि उंची फुलदाणी. "पोचलात का रे? अमांडा, अगं मला तो पक्षी दाखव ना! क्विरिन सांगत होता, तिकडे पक्षी उभा करतात."

मँडी फोन घेऊन अंगणात गेली. नकोच होतं, पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पाठोपाठ क्विरिन, त्याच्यामागे बाळाला घेऊन रामोना. बंबवाले शेगडीपाशी उभे होते. हाइकोने टोपी काढली होती, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"अय्या, किती गोड!" फोनमधून आवाज आला. "आणि काय लिहिलंय ते? एन... एन्रिको? हे कोण?" मग हसू, छोटंसं, सभ्य. "तिकडे अजून ठेवतात का गं अशी नावं? चुकून शेजाऱ्यांचा पक्षी आला वाटतं तुमच्या दारी!"

क्विरिन पटकन म्हणाला, "आई, मी नंतर करतो फोन."

"थांब," मँडी म्हणाली.

रामोनाने पाहिलं, लेकीच्या मानेवर लाल चट्टे उठत होते. अगदी तिच्यासारखेच, डाव्या कानाखालून सुरू होऊन.

"शेजाऱ्यांचा नाही," मँडी म्हणाली. "माझ्या बाबांचं नाव आहे ते." आणि मग तिच्या तोंडून गावची बोली बाहेर पडली, जाड, ओली, चौदा वर्षं दाबून ठेवलेली. "आणि माझं नाव मँडी. लाडाचं नाही. दाखल्यावर तेच आहे. अमांडा असं माझं कधीच नाव नव्हतं. तुम्हाला हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते."

फोनमधली बाई हसली नाही. "अगं, पण... मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. एवढ्या लांबून, एवढ्या छोट्या चौकोनातूनही दिसत होतं की तिला काय करावं ते कळत नव्हतं. मँडीने फोन बंद केला.

बंबवाल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. एकच. कुणी साथ दिली नाही.

मँडी आईकडे वळली. डोळे कोरडे, धगधगते. "झालं तुझं समाधान? परत तिथे मला जायचंय. ऑफिसात, सासूकडे, सगळीकडे. तुला नाही."

"हो," रामोना म्हणाली. "तुलाच जायचंय."

याहून जास्त तिला काही देता येत नव्हतं, आणि जे देता येत होतं ते द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती दोरीपाशी गेली. बाळ डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताने तिने पहिलं अक्षर सोडवलं. चिमटा कडक होता. हाइको मदतीला पुढे आला, तिने त्याला कोपराने दूर सारलं. एकेक करून सहाही अक्षरं तिने स्वतः उतरवली. झबली मात्र वाऱ्यावर तशीच हलत राहिली, नुसती.

"ही ने," तिने अक्षरं हाइकोच्या हातात कोंबली. "आणि याचं नाव कर."

"नऊ अक्षरं होतील," हाइको म्हणाला. "फळी पुरायची नाही."

"मग आण फळी! गावात लाकूड संपलंय का?" ती ओरडली आणि बाळ दचकून जागं झालं. डोळे उघडून त्याने तिच्याकडे पाहिलं, रडावं की नाही या विचारात. रामोनाने त्याला चेहऱ्यासमोर धरलं. तिचा ऊर धपापत होता. मुलीवरचा राग होता, त्या रंगीत नकाशावरचा होता, फुलदाणीवरचा होता, आणि रिकोवरचाही होता, इतक्या लवकर गेल्याचा. सगळा राग तोंडाशी आला आणि त्या तोंडानेच तिला ते नाव घ्यावं लागलं.

"गोर्बिनिआन," ती म्हणाली.

आमच्याकडे सगळ्यांचाच क तसा पडतो, जिभेवर येईपर्यंत त्याचा ग होतो. क्विरिनने दुरुस्त करायला तोंड उघडलं.

"गप्प बस," मँडी त्याला म्हणाली.

रामोनाने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने, कुंपणापलीकडे रस्त्यावर कुणी असेल तर त्यालाही ऐकू जावी अशी.